घरात ऐकणारे हवे

आम्ही दोघे नवरा-बायको हिंगोलीत राहतो. एकजण मोंढ्यात हळदीची पोती उचलतो, दुसरी हंगामात हळद काढायला रोजाने जाते. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे. पोरांनी शिकले पाहिजे, हे आम्ही उठता-बसता बोलतो. तरीही आमची मोठी मुलगी वरच्या वर्गात सरकत गेली आणि वाचणे मागेच राहिले. आठवीत तिने शाळा सोडली. धाकट्याचे तसे होऊ द्यायचे नाही, असे आम्ही ठरवले.

तो तिसरीत होता. धडा वाच म्हटले की घडाघडा म्हणायचा. आम्ही खूश! एके दिवशी वाऱ्याने पान उलटले, तरी गडी मागचाच धडा म्हणतोय. सारे पाठ होते, वाचता काहीच येत नव्हते. रागाच्या भरात आमचा हात उठला. रोज दोन तास पुस्तक घेऊन बसायची सक्ती केली. आठ दिवसांत दप्तर दिसले की त्याच्या पोटात दुखू लागले. पुस्तक म्हणजे शिक्षा, हा धडा त्याला शाळेने नाही, आम्हीच शिकवला होता.

वाट दाखवली ती त्याच्या आजीने. तिला अक्षरओळख नाही. विहारातल्या कपाटातून तिने जातककथांची पुस्तिका आणली आणि नातवाला म्हणाली, "बाबा, ह्यो हत्ती काय करायलाय? मला वाचून दाव की."

त्याने अडखळत एक ओळ वाचली. "मंग? पुढं काय झालं?" आजीने विचारले. त्याने दुसरी ओळ वाचली. एक शब्द चुकला तशी गोष्टच बिघडली. आजी हसली, तोही हसला, मागे गेला आणि त्याने शब्द आपणहून दुरुस्त केला. माराने जे झाले नाही, ते आजीच्या एका प्रश्नाने झाले. ऐकणारे कोणी असले की पोर अर्थ लावून वाचते. नुसते म्हणून दाखवायचे असले की पाठ करते.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत आपल्या बालपणाची आठवण सांगितली आहे. वडील रामजी त्यांना आणि त्यांच्या भावाला बहिणींसमोर व घरी येणाऱ्या माणसांसमोर ग्रंथ वाचून दाखवायला लावत. हे कितीतरी वर्षे चालले. आम्ही जयंतीला भाषणे ऐकली, पण त्या घरातला हा रोजचा पाठ आमच्या ध्यानात आला नव्हता.

आता जेवणानंतर मोबाइल डब्यावर ठेवतो आणि एक पान ऐकतो. चुकले तर लगेच टोकत नाही, 'पुन्हा सांग' एवढेच म्हणतो. मोंढ्यातली पट्टी, एस.टी.ची पाटी, किराण्याच्या पुडीचा कागदही त्याच्याकडून वाचून घेतो. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते, त्याचे जुने अंकही शाळेत मागून पाहिले. कधी कंटाळतो, तेव्हा सोडून देतो.

परवा तो झोपला होता. चुलीपाशी बसलेल्या मोठीने हळूच ती पुस्तिका उचलली. ओठ हलत होते. आजीने अंधारातून विचारले, "मंग? पुढं काय झालं?" पोरीने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. आम्ही तोंड फिरवून डोळे पुसले.

बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी कितीतरी जणांना वाचता येत नाही, त्यात लाज नाही. पण पोरापुढे बसून ऐकता तर सर्वांनाच येते. आज रात्री एक पान ऐकून पाहा.

जयभीम!