आंबा घाटाच्या अलीकडे

कोल्हापूर ते रत्नागिरी हे अंतर सुमारे १३० किलोमीटरचे. पन्हाळ्याची वाट वाघबीळापाशी बाजूला सोडून रस्ता बांबवड्याकडे वळतो, तेथून शाहूवाडी तालुक्यातील मलकापूर गाठतो आणि मग कडवीच्या खोऱ्यातून आंबा घाटाच्या माथ्याकडे निघतो. आषाढात या रस्त्याचे रूप वेगळेच असते. दोन्ही बाजूंना भाताची खाचरे तुडुंब भरलेली, डोंगरांचे माथे ढगांत गेलेले आणि पाऊस असा की तो थांबला हे कानांना आधी कळावे. याच मुलखातून १६६० सालच्या आषाढात शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे रातोरात निघून गेले होते. ढगांनी झाकलेल्या पौर्णिमेच्या उजेडात, चिखलातून, घनदाट रानातून. आज त्याच अंगाने रत्नागिरी-नागपूर महामार्ग जातो आणि मोटारीत बसलेल्या माणसाला दिव्याचे बटण दाबले की रस्ता दिसतो, एवढेच ठाऊक असते.

इचलकरंजीच्या एका सूत व कापडाच्या व्यापारी कुटुंबाचे वाहन अशाच एका आषाढी संध्याकाळी मलकापूरहून घाटाकडे निघाले. थोरले बंधू, धाकटे बंधू, दोन्ही जावा, तीन मुले आणि ऐंशी ओलांडलेल्या आजी. रत्नागिरीस दिलेल्या लेकीच्या बाळाचे दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता बारसे. बाळाला पहिल्यांदा पणजीच्या मांडीवर ठेवायचे, असे ठरलेले. निघण्यास दुकानामुळे उशीर झाला होता. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकावे म्हणून मलकापुरात गाडी थांबली, घरून आणलेले डबे उघडले गेले आणि साडेसहाच्या सुमारास आजींनी शेवटचे पाणी घेतले. रात्रीचा प्रवास त्यांना मुळीच पसंत नव्हता. त्याचे कारण भीती नव्हे. पावसाळ्यात मोटारीच्या दिव्यावर पतंगांचे थवे येऊन आपटतात आणि सकाळी काच पुसताना ते पाहावे लागते, हे त्यांना सहन होत नसे.

गाडी अकरा वर्षांची, डिझेलची. गेले पंधरा दिवस तिच्या तबकडीवर बॅटरीचे लाल चिन्ह अधूनमधून मिणमिणत होते. धाकट्या बंधूंनी ते पाहिले होते. गाडी सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होत असल्याने दोष त्या लहानशा दिव्यातच असावा, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले होते. डावा हेडलाइटही काहीसा पिवळट झाला होता. परंतु इचलकरंजीच्या पेठेत रात्री मोटारीच्या दिव्याची परीक्षा होतच नाही. रस्त्याला म्युनिसिपालिटीचे दिवे, दुकानांच्या पाट्यांचा झगमगाट, समोरच्या वाहनांचा उजेड. स्वतःचा दिवा किती अधू झाला आहे, हे दुसऱ्याच्या उजेडात कोणाला कळत नाही. ज्या घरात रोजमेळ जमल्याशिवाय दुकानाची फळी लागत नाही, त्या घराने पंधरा दिवस एक लाल खूण तशीच पुढे ओढली होती.

मलकापूर सोडून आठ-दहा किलोमीटर झाले असतील. अंधार दाटला, पावसाबरोबर धुके उतरले. वायपरची गती मंदावली. प्रथम वाटले, पाऊस वाढला. मग इंडिकेटर दिला तर त्याची टिकटिक रेंगाळत येऊ लागली आणि त्या प्रत्येक टिकटिकीबरोबर पुढचे दिवे किंचित डोळा मिटल्यासारखे झाले. लाल चिन्ह आता मिणमिणत नव्हते, ठळक पेटले होते. गाडी कडेला घेऊन, इंजिन चालू ठेवून, दोघे बंधू खाली उतरले.

काय घडत होते ते व्यापारी माणसाला चटकन समजावे असे आहे. मोटार चालू असताना दिवे, वायपर, पंखा यांना लागणारी वीज अल्टरनेटर पुरवतो. गॅरेजमध्ये अजूनही त्याला डायनामोच म्हणतात. तोच बॅटरीही भरत राहतो. लाल चिन्ह पेटले म्हणजे भरणा बंद पडला. मग जो खर्च चालू राहतो, तो सारा शिलकीतून. साध्या हॅलोजन दिव्यांचा डिपर प्रत्येकी ५५ वॅटचा असतो. दोन्ही मिळून ११० वॅट, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे ९ अँपिअर. त्यात मागचे दिवे, वायपर, पंखा आणि इंजिनाची स्वतःची गरज मिळवली की हा आकडा २० च्या पुढे सहज जातो. बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. कागदावर दीड तास पुरेल. परंतु तीन पावसाळे पाहिलेली बॅटरी कागदाप्रमाणे वागत नाही, आणि दिवे तर ती संपण्याच्या पुष्कळ आधी निरुपयोगी होतात. पुढे घाट, त्यापलीकडे साखरपा, दाभोळे, पाली, हातखंबा. रत्नागिरी अजून ७० किलोमीटरवर होती.

थोरल्या बंधूंचा आग्रह पुढे जाण्याचा होता. "बाबांनी याच घाटातून दिवे नसलेला टेंपो खाली नेला होता. आपल्याकडे निदान मिणमिणते तरी आहेत."

ही गोष्ट खरी होती आणि अपुरीही. जुन्या डिझेल गाड्यांचा पंप यांत्रिक असे. एकदा इंजिन सुरू झाले की बॅटरी उतरली तरी ते धडधडत राही. आताच्या गाड्यांत इंधनाचा थेंबन् थेंब विजेच्या हुकमाने सुटतो. वीज गेली की आधी दिवे जातील आणि मग इंजिन. इंजिनाबरोबर ब्रेक व स्टिअरिंगही जड होतील. धाकट्या बंधूंना हे ठाऊक होते, पण थोरल्यांपुढे बोलण्याचा त्यांना संकोच होता. लाल चिन्हाची कबुली अजून द्यावयाची होती.

ती कोंडी आजींनी फोडली. मागच्या आसनावरून त्या म्हणाल्या, "अरे, टेंपोची गोष्ट पुरी सांग. तुझे बाबा एस.टी.च्या मागच्या लाल दिव्याकडे बघत खाली उतरले होते. एस.टी. साखरप्याला थांबली, तेव्हा तेही रात्रभर तिथेच थांबले. तेव्हा गाडीत सुताची पोती होती. आज ही मुले आहेत."

यावर बोलण्यासारखे काही उरले नाही. "अण्णा, दिवा पंधरा दिवसांपासून पेटत होता," असे धाकट्यांनी तेव्हाच सांगून टाकले. थोरले क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिले आणि काही न बोलता गाडीत बसले. गाडी वळवली. पंखा, गाणी, मोबाइलचे चार्जर आणि दिवाळीत हौसेने बसवलेले दोन जादा फॉग लॅम्प बंद केले. डिपर आणि वायपर एवढेच ठेवले. धुक्यात अप्पर लावला तर उजेड समोरच्या थेंबांवरून उलट डोळ्यांत येतो आणि पांढरी भिंत उभी राहते. डिपर निदान जमिनीलगत जातो. आठ-दहा किलोमीटरना जवळजवळ पाऊण तास लागला.

मलकापुरात दुकाने मिटली होती. तेथे ओळखीचे घर एकच होते, आणि तेच नको होते. बाजारपेठेतील एक कापड दुकानदार या कुटुंबाच्या पेढीचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्याकडे मार्चपासूनची उधारी थकली होती आणि महिन्यापूर्वीच थोरल्या बंधूंनी फोनवर त्यांना कडक शब्दांत सुनावले होते. आता त्यांच्याच दारावर रात्री साडेआठला थाप मारावयाची. थोरले गाडीतून उतरेनात. शेवटी धाकटे पुढे झाले.

दुकानदार लुंगीवर बाहेर आले, भिजलेली मुले पाहिली आणि कसलाही प्रश्न न विचारता आत वळून पाण्याचे बंब तापवायला सांगितले. गाद्या पसरल्या गेल्या, मुलांना दूध मिळाले. परंतु मोठ्यांपैकी कोणी चहा घेईना, आणि आजी पाण्यालाही नको म्हणाल्या. त्या घरच्या धाकट्या सुनेला चौविहाराची माहिती नव्हती. सावकार घरी आले आणि घोटभर पाणीही घेत नाहीत, याचा अर्थ तिने आपल्या परीने लावला. तिचा पडलेला चेहरा आजींनी पाहिला. तिला जवळ बसवून त्या म्हणाल्या, "मुली, सूर्य मावळल्यावर आम्ही काही घेत नाही. घरी असतो तरी घेतले नसते. उद्या उजाडल्यावर मी स्वतः मागून घेईन." दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर नवकारसीची वेळ झाल्यावर त्यांनी खरोखरच उकळलेले पाणी मागितले आणि तिच्या हातून दोन पेले घेतले.

दुकानदारांनीच सकाळी सातला ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावून आणले. बसस्थानकाच्या बाजूला दहा बाय दहाचे दुकान, भिंतीवर टांगलेली जुनी आर्मेचर, एका डब्यात रंगीबेरंगी फ्यूज. वय साठीचे. त्यांनी बॉनेट उघडले, परंतु पाना उचलला नाही. आधी मल्टिमीटर बॅटरीला लावला. इंजिन बंद असताना ११.९. चालू केल्यावरही ११.८. "चौदाच्या आसपास दाखवायला पाहिजे, मालक. बॅटरीचा दोष नाही. डायनामो काही देतच नाही." मग एका लाकडी दांडक्याने त्यांनी डायनामोच्या पाठीवर हलकेच दोनदा टकटक केली. काटा नव्हे, आकडाच तो, एकदम १३.६ वर गेला आणि लाल चिन्ह विझले. "कार्बन संपलेत."

म्हणजे काल दोन टोले मारले असते तर पोहोचलो असतो, असे थोरल्यांच्या तोंडून निघून गेले. मिस्त्री हसले नाहीत. "पोहोचलाही असता. पण परत बंद पडला तर घाटाच्या वळणात टोला मारायला खाली कोण उतरणार होतं?"

डायनामो काढून उघडला, तेव्हा कार्बनचे दोन तुकडे नखाएवढे उरले होते. नव्या जोडीला डाग लावून, बेअरिंग हाताने फिरवून त्याचा आवाज ऐकून, बेल्टचा ताण पाहून त्यांनी तो परत चढवला. तासभर लागला. तेवढ्यात ते बाकीच्या गोष्टी पाहत होते, कोणी सांगितले नसतानाही. पिवळट डाव्या हेडलाइटचा बल्ब चांगला होता. त्याच्या अर्थची तार बॉडीला जेथे जोडली होती, तेथे गंज होता. कानसीने घासून, बोल्ट आवळून त्यांनी दिवा लावला, तेव्हा दोन्ही सारखे दिसले. बल्बवर बल्ब बदलणारे पुष्कळ भेटतात. परतीची वाट पाहणारा विरळा. बॅटरीच्या टर्मिनलवर जमलेली पांढरी-हिरवी भुकटी गरम पाण्याने धुऊन त्यावर पेट्रोलियम जेली लावली.

मग फ्यूजची पेटी. तेथे ते थांबले. हेडलाइटच्या जागी निळा १५ चा असायला हवा होता. कोणीतरी हिरवा ३० चा बसवला होता. जादा फॉग लॅम्पची तार रिलेशिवाय थेट हेडलाइटच्या तारेला पिळून जोडली होती आणि वर गुंडाळलेली टेप काळी पडून चिकट झाली होती. "दिवे बसवल्यावर फ्यूज उडत असणार. म्हणून बसवणाऱ्याने मोठा टाकला. आता फ्यूज उडत नाही, तार जळते." त्यांनी ती जोडणी तोडली, उघडी टोके बंद केली, निळा फ्यूज बसवला आणि फॉग लॅम्प हवे असतील तर रिले टाकून बॅटरीपासून वेगळी तार ओढून घ्या, असे सांगितले. धाकट्यांनी त्या चिकट टेपचा तुकडा हातात घेऊन पाहिला. रात्री लाल चिन्हामुळे गाडी थांबली, फॉग लॅम्प बंद झाले. ते थांबणे झाले नसते तर या तुकड्याचे काय झाले असते, हा हिशेब कोणी मोठ्याने मांडला नाही. मुले मागेच उभी होती.

सगळ्याचे मिळून साडेचारशे रुपये झाले.

निघताना दुकानदारांनी थोरल्या बंधूंना बाजूला घेऊन एक पाकीट पुढे केले. थकबाकीपैकी थोडी रक्कम होती. थोरल्यांनी हात मागे घेतला. "आज नको. दिवाळीनंतर पाहू."

"नाही अण्णा, आजच घ्या. तुम्ही काल आलात म्हणून देत नाही, परवाच काढून ठेवली होती. आज घेतली नाहीत तर मला वाटेल, रात्रीचे भाडे वळते केले."

थोरल्यांनी पाकीट घेतले, रक्कम मोजली आणि गाडीच्या ओल्या बॉनेटवर वहीचा कागद ठेवून रीतसर पावती लिहून दिली. खाली तारीख घातली. दुकानदारांनी ती दोनदा वाचून खिशात ठेवली.

दहा वाजता बारशाची वेळ टळली, तेव्हा गाडी आंब्यात होती. रत्नागिरीहून फोन आला की थांबतो आहोत, घाई करू नका. घाटमाथ्यावर दिवसाही धुके इतके होते की दिवे लावावे लागले. पुढे चाललेल्या मालट्रकचे मागचे दोन लाल ठिपके तेवढे दिसत होते आणि वळण येताच तेही नाहीसे होत. उजवीकडची दरी होती की नाही, हेही कळत नव्हते. खालून फक्त पाण्याचा आवाज येत होता. आजी खिडकीतून बाहेर पाहत म्हणाल्या, "काल हे रात्री होते." घाट उतरल्यावर साखरप्याकडे धुके अचानक वर गेले, लाल माती आणि फणसाची झाडे दिसू लागली. कोकण सुरू झाले.

मुंबई-गोवा महामार्गावरील हातखंब्याला धाकट्या बंधूंनी गाडी कडेला घेऊन बंद केली आणि किल्ली अर्धी फिरवली. लाल चिन्ह पेटले. इंजिन सुरू केले. विझले. त्यांनी पुन्हा बंद करून पुन्हा तेच केले.

"आता काय झाले?" थोरल्यांनी विचारले.

"काही नाही. सुरू करण्याआधी पेटायला हवा आणि नंतर विझायला हवा. पाहत होतो."

मागून सर्वांत धाकटा मुलगा म्हणाला, मलाही पाहायचे आहे. मग त्याला पुढे घेऊन तिसऱ्यांदा किल्ली फिरवावी लागली. बारशाला आधीच अडीच तास उशीर झाला होता.