शाळेच्या ग्रंथालयाची किल्ली कोणाकडे?

आपल्या समाजात पुस्तकाला मोठा मान आहे. घरात कितीही ओढाताण असली तरी 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर किंवा विजयादशमीला दीक्षाभूमीवर गेलेला माणूस परतताना पिशवीत दोन-चार पुस्तके घेऊन येतो. पण आपली मुले रोज ज्या शाळेत जातात, तिथल्या ग्रंथालयात काय आहे, ते उघडते कधी, याची चौकशी आपण फारशी करीत नाही. फी, गणवेश, मार्क यांची विचारपूस होते. ग्रंथालयाची होत नाही.

मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत ग्रंथालय परिचर होतो. पुस्तके झाडायची, शिक्के मारायचे, दाखल नोंदवहीत नंबर चढवायचे आणि संध्याकाळी कपाटांना कुलूप लावायचे, हे माझे काम. म्हणून आतली गोष्ट सांगतो. कपाटे बंद राहतात ती दर वेळी कोणाच्या दुष्टपणामुळे नव्हे. नोंदवहीतले प्रत्येक पुस्तक तपासणीला हजर दाखवावे लागते. हरवले तर भरपाई कोणी करायची? फाटलेले काढून टाकायचे तर निर्लेखनाचा प्रस्ताव, मग मंजुरी. ही कटकट नको म्हणून पुस्तक मुलांना द्यायचेच नाही, हा सोपा उपाय. मुलाने वाचून फाडले तर हिशेब मागतात; कपाटात वाळवीने खाल्ले तर कोणी विचारीत नाही!

पुढे शाळेत संगणक आले, तेव्हाही तेच झाले. यंत्रांवर कापडी गवसण्या चढल्या. आठवड्यातून एकदा चपला बाहेर काढून मुलांना आत न्यायचे. एका यंत्रापुढे चार जण. एक बटणे दाबी आणि तिघे मागून बघत. बटणे दाबणारा बहुधा तोच, ज्याच्या घरी संगणक होता. आमच्या वस्तीतली मुले मागे उभी.

ज्याच्या घरी टेबल, पुस्तके, संगणक सारे आहे, त्याचे शाळेच्या बंद ग्रंथालयावाचून काही अडत नाही. अडते ते आपल्या मुलांचे. एका खोलीत पाच माणसे, त्यात टीव्ही, आणि घरातला एकुलता मोबाईल वडिलांबरोबर कामावर जातो. 2020 साली टाळेबंदीत शाळा मोबाईलवर गेली, तेव्हा हे सगळ्यांनी अनुभवले.

बाबासाहेबही परळच्या चाळीत एका खोलीत राहून शिकले. शाळा सुटल्यावर ते चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथे त्यांच्यावर कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांची नजर गेली. ते त्यांना वाचायला पुस्तके देऊ लागले. 1907 साली बाबासाहेब मॅट्रिक झाले, तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुस्तक हातात देणारा एक माणूस भेटला, त्याचे फळ आपण सारे पाहतो आहोत. आज प्रत्येक मुलाला बागेत केळुसकर भेटणार नाहीत. ते काम शाळेच्या ग्रंथालयाने केले पाहिजे.

हे काही उपकाराने मागायचे नाही. शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवे असे सांगितले आहे. त्यात वर्तमानपत्र, मासिके, सर्व विषयांची पुस्तके आणि गोष्टींची पुस्तकेही हवीत. 2018 साली सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांच्या ग्रंथालयांना दरवर्षी 5 हजारांपासून 20 हजार रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. त्याच कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या. म्हणजे आपल्या माता-भगिनी त्या खुर्चीवर बसून प्रश्न विचारू शकतात.

काय मागावे? आधी उघडी मांडणी. पुस्तक मुलाच्या हाताला लागले पाहिजे, काचेतून दिसून उपयोग नाही. शब्दकोश, नकाशे, रोजचा पेपर, फुले-आंबेडकरांचे साहित्य हवे. शाळा सुटल्यावर निदान तासभर बसायला जागा आणि दिवा हवा.

मग संगणक. तो मुख्याध्यापकांच्या खोलीत नको, ग्रंथालयात हवा. दोनच असले तरी चालतील. वहीत नाव लिहून प्रत्येकाला पाळीने बसता आले पाहिजे. मुलींची पाळी चुकता कामा नये. बालभारतीची पुस्तके आणि मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट आहेत. ‘प्रथम बुक्स’ने 2015 साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी फुकट उतरवून घेता येतात. राज्य सरकारने 1979 पासून काढलेले बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचे खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहेत. वरच्या वर्गातली मुले शब्दकोश जवळ घेऊन ते वाचू शकतील. हे सारे एकदा संगणकात साठवून ठेवले की नेट बंद पडले तरी अडत नाही. ज्या मुलाला दिसत नाही, त्याला पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी ‘एनव्हीडीए’ ही प्रणालीही फुकट मिळते. एक हेडफोन घ्यावा लागेल, इतकेच.

एक छपाईयंत्रही हवे. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. निवड झालेल्या मुलाला नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12 हजार रुपये मिळतात. दहावीनंतरच्या शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो. ही माहिती ग्रंथालयाच्या फळ्यावर लागली, जुन्या प्रश्नपत्रिका तिथेच छापून मिळाल्या आणि अर्ज भरताना कोणी शेजारी बसले, तर सायबर कॅफेत पैसे आणि रोज दोन्ही बुडवावे लागणार नाहीत.

यावर शाळा म्हणेल, मुले पुस्तके फाडतील, यंत्र बिघडवतील. काही फाटतील, काही बिघडेल. वर्षाकाठी ठराविक पुस्तके हरवणार, झिजणार, हे समितीने धरून चालावे आणि तसा ठराव लेखी करावा, म्हणजे शिक्षकांच्या आणि परिचराच्या मानेवरची तलवार उतरेल. मी नोकरीत होतो, तेव्हा असा एक कागद कोणी दिला असता तर कपाटे उघडी ठेवायला माझी कधीच हरकत नव्हती.

बंधू-भगिनींनो, पुढच्या पालकसभेला जाल तेव्हा तीनच प्रश्न विचारा. ग्रंथालय रोज किती वेळ उघडे असते? गेल्या महिन्यात किती मुलांनी पुस्तके घरी नेली? संगणकावर प्रत्येक मुलाची पाळी कधी येते? उत्तर तोंडी घेऊ नका, देवघेवीची नोंदवही मागून पाहा. पाने कोरी असतील तर तिथेच उभे राहून किल्ली मागा.

जयभीम!