नकाशावरचे सात ठिपके



दापोली तालुक्यात माझ्या आजोळची बौद्धवाडी आहे. वर जंगल, खाली खाडी. वाडीमागच्या उतारावर पिढ्यान्‌पिढ्या नाचणी-वरी पिकवणाऱ्या घरांचे वनहक्क दावे भरताना बैठकीतले एक साहेब म्हणाले, “तुम्ही आदिवासी नाही. 75 वर्षांचा पुरावा आणा.”

कायदा तेच सांगतो. 2006च्या वनहक्क कायद्यात ‘इतर पारंपरिक वननिवासी’ ठरायला 13 डिसेंबर 2005च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. थोडक्यात, 1930च्या आधीचा पुरावा. तो आमच्याकडे असणार कुठून? गाव खोती, वही खोताची. बाबासाहेबांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले ते उगाच नव्हे. कायदा व्हायला 1949 उजाडले.

मग भारतीय सर्वेक्षण विभागाचा, इंचाला एक मैल प्रमाणाचा जुना नकाशा हाती आला. मोजणी 1930च्या आधीची. (किनारपट्टीचे तपशीलवार नकाशे संरक्षणाच्या नावाखाली कित्येक दशके सामान्य माणसाला बंद होते, हेही लक्षात ठेवा.) चढणीच्या रेषा दाटीवाटीने, त्यांवर इंग्रजीत ‘ओपन मिक्स्ड जंगल’. आणि आमच्या वाडीच्या जागी सात ठिपके, एक विहीर, डोंगरावर जाणारी तुटक पायवाट. मामा बराच वेळ त्या विहिरीवर बोट ठेवून बसले.

नाव मात्र नाही. देवळाला आहे, वरच्या आळीला आहे. मोजणीदाराने नावे कोणाच्या ओटीवर बसून विचारली असतील, हे ओळखायला समाजशास्त्राचे एम.ए. लागत नाही.

आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतात, लष्कर आणि महसुलासाठी काढलेल्या साहेबी नकाशांवर कशाला विसंबायचे? विसंबू नकाच. पण वनहक्क नियमांतला 13वा नियम नकाशाला पुरावा मानतो, तर तो सोडायचा का? खरा धोका वेगळा आहे. शेजारच्या कातकरीवाडीच्या जागी या नकाशात एकही ठिपका नाही. कोळसा पाडायला रानोमाळ फिरणाऱ्यांची झोपडी मोजणीच्या दिवशी तिथे नसेल, म्हणून माणसेच नव्हती असे होत नाही. उद्या हाच नकाशा त्यांच्याविरुद्ध कोणी पुढे केला, तर आपण गप्प बसायचे नाही.

तोच नियम दावेदारांखेरीज इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा मानतो. म्हणून कातकरीवाडीतल्या आजींना घेऊन पायवाट चढलो. त्यांनी झरा, कातळ, जुनी भट्टी अशी एकेका जागेची नावे सांगितली. नकाशाच्या झेरॉक्सवर ती पेन्सिलीने लिहून, आजींचा अंगठा घेतलेला जबाब जोडून, दोन्ही वाड्यांचे दावे आम्ही एकाच दिवशी दाखल केले.