सेल घातले की चालणारा

तोक्योतल्या नाकानो ब्रॉडवेत जुन्या खेळण्यांची दुकानं एकमेकांना खेटून आहेत. त्यातल्या एका काचेमागे तो उभा होता. राखाडी अंग, शेपूट मागे सोडलेली, जबडा अर्धवट उघडा, आणि पायाशी चिठ्ठी: 'जंक'. म्हणजे चालत नाही, घ्यायचा तर आपल्या जबाबदारीवर. इथे कुणी बिघडलेल्या मालाला 'थोडंसं काम निघेल' म्हणत नाही, हा प्रामाणिकपणा मला अजून नवाच वाटतो.

तो होता गोजुलास. तोमी कंपनीने 1984 साली काढलेला, झोइड्स मालिकेतला मोटरवाला डायनोसॉर. मी लहानपणी तो पाहिलाही नव्हता. आमच्याकडे चावीची माकडं आणि पत्र्याच्या मोटारी. पण शेजारी उभे असलेले ऑफिसातले सेन्पाई, म्हणजे वरिष्ठ सहकारी, काचेला नाक लावून म्हणाले, "मला वाढदिवसाला मिळाला होता. एका रात्रीत जोडला."

तो घेतला, आणि रविवारी आम्ही दोघांनी माझ्या जेवणाच्या टेबलावर उघडला. सेलच्या कप्प्यात पांढरी-हिरवी भुकटी साचलेली. कुणीतरी सेल आत तसेच विसरून गेलं असणार. कान कोरायच्या काडीने व्हिनेगर लावून पत्र्या घासल्या आणि मग एकेक पाय सोडवला. तेव्हा कळलं की या खेळण्याचा जीव किती थोडक्यात आहे. मोटर आणि दात्यांची चाकं एका बंद डब्यात कारखान्यातूनच बसवून येत. मुलाने फक्त साच्यातून भाग कापायचे आणि त्या डब्याभोवती हाडं रचायची. गोंद लागत नाही. भाग दांड्यांवर सरकवायचे आणि वर छोट्या रबरी टोप्या दाबायच्या. आमच्यातल्या दोन टोप्या हाताला लागताच तुटल्या. चाळीस वर्षांचं रबर, त्याला काय बोलणार.

आता हाच गोजुलास कोतोबुकिया कंपनीच्या नव्या किटमध्येही मिळतो. सेन्पाईंच्या कपाटात आहे. काम अप्रतिम: भाग कितीतरी जास्त, सांधे वाटेल तसे वळतात, एकेक नळी वेगळी. पण त्यात मोटर नाही. ऐट आपण द्यायची आणि काचेच्या कपाटात ठेवून द्यायचा. मी त्याला नावं ठेवणार नाही, मोठ्या माणसाला तेच परवडतं. तरी जुन्याची गंमत अशी की त्याला कसं उभं करायचं हे तुमच्या हातात नाही. एकच मोटर सगळं ठरवते. डावा पाय, उजवा पाय, मध्येच हात हलतात, जबडा उघडतो, मिटतो. आत काय चाललंय ते बाहेरून वाचता येतं.

शास्त्राच्या दृष्टीने तो चुकीचाच आहे म्हणा. टायरॅनोसॉरस पाठ आडवी ठेवून, शेपूट हवेत तोलून चालत असे, हे आता शाळकरी पोरंही सांगतात. गोजुलास मात्र गॉडझिलासारखा ताठ, शेपूट खाली. त्यातही तो खराखुरा डायनोसॉर नव्हेच. कथेप्रमाणे झी नावाच्या ग्रहावरचा धातूचा सजीव, आणि डोक्यात बसायला 1/72 मापाचा चालक. तो चालक आमच्या बाहुल्यात नव्हता. चाळीस वर्षांत कुठल्यातरी सोफ्याखाली गेला असेल.

झोइड्स 1999 मध्ये पुन्हा आले, टीव्हीवरही आले, पुढेही येत राहिले. सेन्पाईंच्या मुलाने ती मालिका पाहिली. "त्याला गोष्ट आवडली. मला आवाज," ते म्हणाले.

आवाज म्हणजे काय ते संध्याकाळी कळलं. नवे सेल घातले, बटण सरकवलं. काही नाही. सेन्पाईंनी त्याच्या पाठीवर एक चापट मारली, आपल्याकडे ट्रान्झिस्टरला मारत तशी. घर्रर्र. मग खट, खट, खट. भला मोठा पाय उचलून, अंग डावी-उजवीकडे झुलवत तो टेबलावरून निघाला. चहाचा कप ओलांडला नाही, ढकलला. चहा सांडून सेन्पाईंच्या पँटवर गेला. ते हलले नाहीत. टेबलाच्या कडेशी दोन्ही हात पसरून ते त्याची वाट बघत बसले होते.