बोडीचं पाणी

आमच्या घरी पाण्याची परीक्षा तुरीच्या डाळीवर होते. कुकरच्या पाच शिट्ट्या होऊनही दाणे अंग चोरून बसलेले दिसले की आई चिमूटभर सोडा टाकते आणि बोअरला दोन शब्द सुनावते. पावसाचं साठवलेलं पाणी असलं की तीच डाळ तीन शिट्ट्यांत लोण्यासारखी. पाण्याची दुसरी परीक्षा माझ्या डोक्यावर होते. तिथे सोडा टाकता येत नाही.

केस कमरेच्या खाली आहेत. सरळ नाहीत, आणि लोक कौतुकानं ज्यांना कुरळे म्हणतात तसेही नाहीत. मुळाशी सपाट, कानाखाली एक वळण, खांद्यापाशी दुसरं, आणि पाठीवर पोचेपर्यंत प्रत्येक केस स्वतंत्र विचारांचा झालेला. शाळेत तेल चोपडून दोन वेण्या, त्या लाल रिबिनींनी वर बांधलेल्या. त्यामुळे दहावीपर्यंत आपल्या केसांना वळण आहे याचा मला पत्ताच नव्हता. कॉलेजसाठी नागपूरला गेले, वेणी सोडली, आणि पहिल्याच आठवड्यात एका मैत्रिणीनं काळजीनं विचारलं, "बरं नाही का गं तुला?"

त्यानंतरची काही वर्षं मी केसांशी भांडण्यात घालवली. एका लग्नाच्या निमित्तानं ते सरळ करून घेतले. चार तास खुर्चीत बसले, डोळ्यांना झोंबणारा वास सोसला, आणि घरी आले ती दुसऱ्याच कुणाचं तरी डोकं घेऊन. सहा महिन्यांत मुळाशी वळणदार केस उगवले, खाली ते सरळ गवत. शेवटी कात्रीच चालवावी लागली. केस महिन्याला जेमतेम एक-सव्वा सेंटिमीटर वाढतो, हा हिशेब मला तेव्हा पाठ झाला. त्या हिशेबानं पाहिलं तर लांब केस म्हणजे डोक्यावर वागवलेली जुनी वर्षं. आज माझ्या केसांचं जे टोक आहे, ते डोक्यातून निघालं तेव्हा वैनगंगेला २०२० सालच्या ऑगस्टअखेरचा पूर आला होता. तेव्हापासून त्या टोकानं भंडाऱ्याचा प्रत्येक उन्हाळा भोगला आहे, आणि टाळूचं तेल त्याच्यापर्यंत कधी पोचलेलं नाही. सरळ केसावरून ते तेल खाली उतरत जातं. वळणाच्या केसावर ते पहिल्याच वळणाशी अडतं. म्हणून मुळं तेलकट आणि टोकं राठ, हे वळणदार केसांचं नशीबच. यात माझा आळस किंवा अस्वच्छता काही नाही, हे मी दोन काकवांना अजून पटवून देऊ शकलेले नाही.

आजीचे केस असेच होते म्हणतात. मी पाहिले ते पांढरे, पण तरीही मऊ. आजी पवनी तालुक्यातल्या एका गावची. तिच्या तोंडी 'ळ' नव्हता. झाडीबोलीत तो 'र' होतो. "केस मोकरे सोडू नको वो पोरी, उंदराच्या बिरासारखे दिसतेत." एकदा मी तिच्यापुढे रडगाणं गायले, तर तिनं डोक्याकडे न बघता विचारलं,

"पानी कोनतं घेता तुमी?"

"बोरिंगचं."

"मंग राठ होतीन नाई त काय."

तिचा वैद्यकीय सल्ला तेवढाच. मी त्यावर हसले होते. पुढे बराच पैसा बाटल्यांवर घालवल्यावर ते हसू आटलं.

आजीच्या गावाला बोडी होती. बोडी म्हटलं की पुण्याकडच्या वाचकाला न्हाव्याचा वस्तरा आठवेल. आमच्याकडे बोडी म्हणजे लहान तलाव. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात, आणि ते पर्यटन खात्याचं घोषवाक्य नाही. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी इथल्या उतारांवर पाळी घालून पावसाचं पाणी अडवलं, त्यावर धान पिकवला, ऊस लावला. पुढे हे तलाव मालगुजारांकडे होते म्हणून मालगुजारी तलाव. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि गाळ काढायचा कुणी हा प्रश्न बेशरमच्या झुडपांसारखा पाळीवर वाढत राहिला. पण बोडीतलं पाणी शेवटी पावसाचं. वाहत येऊन साचलेलं, खडकात न मुरलेलं. त्यात चुना कमी, मॅग्नेशियम कमी. रिठ्याला फेस यायचा, आणि दोन लोट्यांत तो निघूनही जायचा.

बोअरचं पाणी खडकाच्या भेगांमधून येतं. वाटेत ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून घेतं. बादलीत टाकायच्या हीटरच्या रॉडवर जो पांढरा थर चढतो, तोच थोडा थोडा केसावर चढतो. साबण असेल तर त्याचा चिकट गाळ होतो; शाम्पूचा तसा होत नाही, पण क्षार बसतात ते बसतातच, आणि आधीच दुखावलेल्या केसावर जास्त बसतात. केसाचं वरचं आवरण खवल्यांचं असतं, कवेलूच्या छपरासारखं, एकावर एक निजलेलं. कवेलू सरकले की छप्पर गळतं. खवले उचलले गेले की केसातला ओलावा बाहेर जातो आणि बाहेरचा हवा तसा आत शिरतो.

आता बोडीचे गोडवे गाताना हेही सांगायला हवं की त्याच पाण्यात म्हशी डुंबत, आणि पोरांना हगवण लागे. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात गावोगाव हातपंप आले, त्यांच्या पाण्यावर कितीतरी लेकरं वाचली. केसांपायी हातपंपाला नावं ठेवणं म्हणजे कृतघ्नपणा. आणि वैनगंगा तरी आता कुठे आजीची राहिली आहे? नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत येतं, गोसीखुर्दच्या जलाशयात थबकतं, आणि जलपर्णी त्यावर हिरवीगार नांदते. तेव्हा मागे जायला वाट नाही. मी एवढंच करते: केस धुते बोअरनं, पण शेवटचे दोन तांबे पावसाच्या पाण्याचे. पहिल्या दोन सरी छपराची धूळ धुवायला सोडून द्यायच्या, मग पागोळ्यांखाली गुंड लावायचा. गुंड पितळेचा, भंडाऱ्यातच ठोकलेला, आजीच्या लग्नातला. साठा संपला की मार्चनंतर बोअरच्याच पाण्यात, अर्ध्या बादलीला अर्धं लिंबू. एकदा पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा कॅन केसांवर ओतताना वडिलांनी मला पाहिलं. ते काही बोलले नाहीत, फक्त दुसऱ्या दिवसापासून कॅनवाल्याला स्वतः पैसे देणं त्यांनी बंद केलं.

तेलाचं सांगायचं तर त्यात मी एकदा चांगलीच फसले. आमच्याकडे जवस भरपूर. धान कापणीला येत असतानाच उभ्या पिकात, चिखलाच्या ओलीवर लाखोरी आणि जवस फेकतात. धान निघतो आणि खालून हे वर येतं. माघात निळ्या फुलांनी बांध्या भरतात. जवसाची चटणी आहे, जवसाचं तेल जुन्या घरांत खाण्यात होतं. मला वाटलं, घरचं घाण्याचं तेल, केसांना का नको? वाटीभर चोळलं आणि झोपले. सकाळी उशी डोक्याला आणि डोकं उशीला. जवसाचं तेल हवेत वाळतं, त्याचा पापुद्रा धरतो. म्हणून तर चित्रकार रंगात तेच घालतात. मी स्वतःला रंगवून घेतलं होतं. वास तर असा, की मांजर दोन दिवस माझ्यामागे फिरत होतं.

तेच जवस तेल न काढता उकळलं, तर गोष्ट वेगळी. चार चमचे जवस, दोन कप पाणी, मंद आच. आठ-दहा मिनिटांत पाणी जाड होऊ लागतं, चमचा उचलला की अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार येते. त्याच क्षणी गॅस बंद करून, गरम असतानाच, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचं. थांबलात तर संपलं. थंड झालेला तो बुळबुळीत गोळा दाण्यांना सोडत नाही, आणि तुम्ही सिंकपाशी फडकं पिळत उभ्या राहता. ओल्या केसांना तळहातानं तो चीक लावायचा, मूठभर केस खालून वर दाबायचे, आणि मग हात लावायचा नाही. वाळल्यावर केस कडक होतात, पुन्हा चुरगाळले की मऊ पडतात आणि वळणं एकत्र राहतात. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो. पुण्या-मुंबईत हीच गोष्ट सुंदर बरणीत, सुंदर किमतीला मिळते. आमच्याकडे जवसाचं पोतं कोठीत, आणि मी ती बरणी ऑनलाइन मागवली होती, हे कबूल करायला लाज वाटते.

डोक्याला तेल म्हणून मग खोबरेलच उरलं. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल केसांवर ताडून पाहिलं. धुण्याआधी आणि नंतर लावलेल्या खोबरेलानंच केसातल्या प्रथिनाची झीज कमी केली. त्याचा रेणू लहान आणि सरळ, तो केसाच्या आत शिरतो. कंपनी खोबरेल विकते, हे ध्यानात ठेवूनच असलं संशोधन वाचायचं. पण माझ्या टोकांचाही कौल तोच. न्हाण्याच्या आधी तासभर, फक्त खालच्या अर्ध्या केसांना. मुळांना नको, त्यांचं त्यांच्याकडे आहे.

सगळ्यात शहाणं बोलणं मात्र मी केसांविषयी ऐकलं नाही, कोशाविषयी ऐकलं. मोहाडीकडे कोसा रेशीम विणणाऱ्या एका घरी साडी पाहायला गेले होते. घरातली म्हातारी ओसरीवर बसून उकळलेल्या कोशांचे तंतू मांडीवर वळत होती. एका हातानं ओढायचं, दुसऱ्या तळव्यानं वळायचं. कोसा उकळताना सोडा का घालतात, मी विचारलं. डिंक सुटायला, ती म्हणाली. आणि जास्त पडला तर? तिनं धाग्यावरून नजर हलवली नाही. "मंग धागा मेला. चमक गेली, हात लावला त करकरतो." साडी घरी कशानं धुवायची? "रिठ्यानं. सोड्यानं नाही, साबनानं नाही. पिरायची नाही, झटकायची नाही, फडक्यात गुंडारून दाबायची." मी घरी परत येईपर्यंत ते वाक्य मनात घोळवत होते. रेशीम प्रथिनाचं, केसही प्रथिनाचा. साडीसाठी एवढा जीव, आणि डोक्यावरच्या कोशाला खरखरीत टॉवेलनं खसाखसा पुसून वर ओल्यातच बारीक दातांचा कंगवा. त्या दिवसापासून माझे केस आईच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या पातळात गुंडाळले जातात. गुंता बोटांनी, टोकाकडून मुळाकडे. कोरड्या केसांत कंगवा नाही.

आजी हे सगळं न सांगता करत होती, असं म्हणायचा मोह होतो. खरं तर ती वेगळंच करत होती: आठवड्यातून एकदाच न्हात होती, अंबाडा बांधत होती आणि डोक्यावरून पदर घेत होती. तिचे केस उन्हानं, वाऱ्यानं पाहिलेच नाहीत. त्यांची वळणं नवऱ्याशिवाय कुणी पाहिली असतील की नाही, कोण जाणे. मऊ केसांची ती किंमत मला परवडणारी नाही.

आणि मला आता हेही वाटत नाही की केस पिंजारतात म्हणजे ते बिघडले आहेत. १७८३ साली जिनिव्हाच्या द सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञानं हवेचा दमटपणा मोजायचं यंत्र केलं, त्यात माणसाचा केस ताणून लावला होता. कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत नेला की केस शंभरात दोन-अडीच भाग लांबतो. त्याला जोडलेला काटा सरकतो. पुढे दीडशे-दोनशे वर्षं वेधशाळांतून असे केस टांगलेले होते. मला त्यातली पहिली पायरी आवडते: सोस्यूरनं केस आधी सोड्याच्या पाण्यात उकळून त्यांचं तेल काढून टाकलं. तेलकट केस हवेला नीट जबाब देत नाही. थोडक्यात, बोअर, साबण आणि उन्हानं माझ्या केसांचं जे केलं, ते त्यानं मुद्दाम केलं होतं. एकेक केस आपापल्या परीनं हवा पितो, फुगतो, शेजाऱ्यापासून फुटून निघतो.

मृगाच्या आधीच्या दिवसांत तर हे घरात सगळ्यांना दिसतं. परवा दुपारी आभाळ निरभ्र होतं, ऊन तापलेलं, झाडाचं पान हलत नव्हतं. मी नुकतीच न्हाऊन, जवसाचा चीक लावून, शहाण्यासारखी बसले होते. वर गच्चीवर आईनं लाखोरीच्या डाळीच्या वड्या वाळत घातल्या होत्या, तीन दिवसांची मेहनत. ती स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली, माझ्याशी काही बोलणार होती, आणि मधेच थांबली. माझ्या कपाळाभोवती बारीक केस उभे राहिले होते.

"फुलले," ती म्हणाली, आणि सूप घेऊन जिन्याकडे धावली.