नर्गिसची तीन मुले

खामगावातील एका कापडपेढीचे वयोवृद्ध मालक रविवारी सूर्यास्तापूर्वीचे भोजन आटोपले, की घरच्यांसमवेत एखादा जुना चित्रपट पाहत. चातुर्मासाआधीच्या अशाच एका रविवारी 'खट्टा मीठा' लागला.

बासू चटर्जींचा हा १९७८ चा चित्रपट. चार मुलग्यांचा विधुर पिता होमी मिस्त्री (अशोक कुमार) आणि तीन मुलांची विधवा माता नर्गिस (पर्ल पदमसी) हे मुंबईचे दोन पारशी उतारवयात विवाह करतात. मूळ कल्पना १९६८ च्या एका अमेरिकी चित्रपटाची. तेथे विधुराची दहा आणि विधवेची आठ मुले एका छपराखाली येतात. बासूदांनी अठराची सात केली. मुंबईतील घरे पाहता तेही जास्तच! विवाह जमतो, पण मुले एकमेकांना सोसत नाहीत. हसू येते ते तेथेच.

घरात सारे हसत होते. सून मात्र हसत नव्हती. नर्गिस मुलांसह नव्या घरात आली, तेव्हा ती उठून स्वयंपाकघरात गेली. चौविहार पाळणाऱ्या घरात त्या वेळी स्वयंपाकघरात काहीच काम नसते. बाबूजींच्या ते ध्यानात आले.

मुलगा जाऊन तीन वर्षे झाली होती. मलकापूरच्या एका विधुर धान्यव्यापाऱ्याचे स्थळ सुनेसाठी आले होते. माणसे सज्जन होती. अट एकच, सात वर्षांचा नातू आजोबांकडेच राहावा. बाबूजींना ही अट मनातून गोडच वाटली होती. पेढीला वारस उरत होता. विधुराला त्याची मुले कोठे राहणार, असे कुणी विचारत नाही. विधवेला पहिला प्रश्न तोच असतो. १८५६ च्या पुनर्विवाह कायद्याने विधवेला विवाहाची वाट मोकळी केली. परंतु तिने पुनर्विवाह केल्यास मुलांचे पालकत्व दुसऱ्याकडे देण्याची मागणी दिवंगत पतीच्या वडिलांना न्यायालयात करता येई, अशी तरतूदही त्यातच होती. तो कायदा १९८३ मध्ये रद्द झाला. घराघरांतील समजूत मात्र रद्द झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सून स्थानकातून परतल्यावर बाबूजींनी तिला प्रथमच विचारले, "बेटा, तुझी इच्छा काय?"

"तो माझ्याबरोबर येणार असेल तरच, बाबूजी." एवढे बोलून ती गप्प झाली.

दुपारी त्यांनी मलकापूरला फोन लावला. "मुलगा आईसोबत येईल. मान्य नसेल, तर विषय येथेच थांबवू." पलीकडून उत्तर यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत बाबूजींनी पेढीवर दोनदा हिशेब चुकवला, असे मुनीमजी सांगतात. होकार आला, तेव्हा त्यांना आनंद झाला की धक्का बसला, हे त्यांच्या मुद्रेवरून कळले नाही.

दिवाळीला वहीपूजनासाठी मलकापूरहून तिघेही आली. नातू नेहमीच्या जागी, आजोबांच्या गादीला टेकून बसला. नव्या वहीवर कुंकवाचा स्वस्तिक त्यानेच काढला, जरा वाकडा. पूजा होताच तो म्हणाला, "बाबूजी, आमच्या दुकानातही संध्याकाळी पूजा आहे. लवकर निघावे लागेल."

बाबूजींनी मुनीमजींना मिठाईचा डबा बांधायला सांगितला.