बाईंचं देणं

दुकानासाठी पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं, ते फिटलं. बाईंचं देणं फिटायचं नाही, आणि ते फिटावं असं मला वाटतही नाही.

कोरेगाव भीमात नगर रोडला माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. भीमेच्या काठचा ऊस-कांदा मोटरीच्या जिवावर उभा असतो आणि मोटर विजेच्या लहरीवर. जळालेली मोटर उघडली की करपलेल्या वार्निशचा वास अंगावर येतो. खाचांमधली काळी तार उपसायची, वेढे मोजायचे, नवी कॉइल भरायची. हे हात कारखान्यात शिकले. पण कॉइलमधून वीज गेली की तिचा चुंबक का होतो आणि त्यातून फिरणं कसं निर्माण होतं, हे मला समजलं ते बाईंच्या ओसरीवर, नववीत जाण्याआधी.

बाई मूळच्या मराठवाड्यातल्या. लहानपणी वडिलांचं बोट धरून १ जानेवारीला गावाजवळच्या विजयस्तंभाला मानवंदना द्यायला यायच्या. जिल्हा परिषदेच्या शाळांत हयात घालवून निवृत्त झाल्या आणि याच गावात घर करून राहिल्या. दर रविवारी गल्लीतल्या पोरांकडून सहावी ते आठवीच्या विज्ञानाची उजळणी करून घ्यायच्या. पैसे घ्यायच्या नाहीत. अट एकच: व्याख्या शेवटी सांगायची, आधी हातानं करून बघायचं. आम्हाला व्याख्या तर घडाघडा पाठ होत्या. बाई शांतपणे म्हणायच्या, “छान. आता दाखव.”

एका रविवारी त्यांनी आम्हाला आण्णा नावाच्या शेतकऱ्याच्या उन्हाळी भुईमुगात नेलं. पीक फुलोऱ्यात होतं. आण्णांना विचारून एक झाड मुळासकट अलगद उपटलं, बादलीत मुळं धुतली. बारीक मुळांवर मोहरीएवढ्या गाठी होत्या. आम्हाला वाटलं, रोग पडलाय. बाईंनी ब्लेडनं एक गाठ चिरली. आतून ती गुलाबी निघाली, हिरड्यांसारखी. मग त्यांनी सांगितलं की या गाठीत रायझोबियम जिवाणू राहतात. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण झाडाला तो थेट घेता येत नाही. जिवाणू तो झाडाला वापरता येईल अशा रूपात आणून देतात, झाड त्यांना साखर पुरवतं. गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा भाऊबंद. त्यातही लोह असतं. जास्तीच्या ऑक्सिजननं जिवाणूंचं काम बंद पडतं, म्हणून हा पदार्थ तो ऑक्सिजन धरून ठेवतो. आण्णा बांधावर बसून सगळं ऐकत होते. भुईमुगानंतरचं पीक जोमदार येतं हे त्यांना वडिलांपासून ठाऊक होतं, त्यामागचं कारण त्या दिवशी दिसलं. पुस्तकातलं सहजीवन मी तिथं पहिल्यांदा पाहिलं, आणि पुस्तकावर माझा विश्वास बसला तोही तिथंच.

ओसरीवरची मोटर आली ती पुण्याहून. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. तिथं अरविंद गुप्ता टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करून दाखवत. कानपूर आयआयटीचे इंजिनिअर, टेल्कोत नोकरी केलेले. १९७८ साली ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाशी जोडले गेले आणि पुढं खेळणीच त्यांचं जीवितकार्य झाली. बाई एसटीनं जाऊन ती खेळणी बघून आल्या आणि आमच्यापुढं सामान मांडलं: एक सेल, दोन सेफ्टी पिना, रबर, लोहचुंबक आणि इनॅमलची तार.

तारेचे वेढे घालून कॉइल केली. दोन्ही टोकं पिनांच्या भोकांत टेकवायची. एका टोकाचं इनॅमल पूर्ण खरवडायचं, दुसऱ्याचं फक्त अर्ध्या बाजूचं. अर्धंच का? बाईंनी उत्तर दिलं नाही. आम्ही एक कॉइल दोन्हीकडून पूर्ण खरवडून पाहिली. ती थरथरली आणि अडकली. अर्ध्या फेऱ्यात मिळालेला रेटा पुढच्या अर्ध्यात उलटा बसत होता. अर्धं इनॅमल ठेवलं की नेमक्या त्या वेळी वीज तुटते आणि कॉइल आपल्याच वेगानं पुढं निघून जाते. बोटाची एक टिचकी, आणि ती सुसाट फिरायला लागली! पंपाच्या मोटरीत असा लोहचुंबक नसतो. तिथं तीन फेजचा प्रवाह मिळून फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार करतो. पण मुळाशी गोष्ट तीच, म्हणून पुढं कारखान्यात मला काहीच परकं वाटलं नाही.

२०१८ साली अरविंद गुप्तांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाईंचा फोन आला. घरातलंच कुणी पहिलं आल्यासारख्या बोलत होत्या.

मी त्यांच्या कूलरची मोटर भरून दिली आणि पैसे नको म्हणालो, तेव्हा त्या रागावल्या. मजुरी हातावर ठेवली आणि म्हणाल्या, “अरे, हा तुझा घाम आहे, तो फुकट द्यायचा नसतो. मला काही द्यायचं असेल तर गिऱ्हाइकाला कारण सांगत जा.”

ते मी करतो. मोटर न्यायला आलेल्या माणसाला आधी बसवतो. एक फेज गेली तरी भाराखालची मोटर फिरत राहते, उरलेल्या दोन फेजांवर प्रवाह वाढतो. आणि प्रवाह दुप्पट झाला तर तारेतली उष्णता चौपट होते, हे कागदावर काढून दाखवतो. एक फेज गेली की मोटर आपोआप बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवायला लावतो. शेजारचा दुकानदार म्हणतो, अशानं तुझाच धंदा बसेल. एकदा जळालेली मोटर दुसऱ्यांदा माझ्याकडे येत नाही, हे खरं आहे. पण त्या शेतकऱ्याचा ऊस ऐन उन्हाळ्यात वाळत नाही, आणि पुढच्या वेळी तो भावाची मोटर घेऊन माझ्याकडेच येतो.